'पील'ची एकेचाळीस कार्डं

३ फेब्रुवारी, सोमवार

कामावर गेलो, आलो. हॉस्पिटलच्या रेकॉर्ड रूममध्ये दिवसभर जुन्या केसपेपरांची बांधाबांध. डबा नव्हता. कँटीनमध्ये दोन उकडलेली अंडी खाल्ली. येताना दिव्याचा बल्ब आणला, तो चुकीच्या मापाचा निघाला. ही जाऊन आज बावीस दिवस झाले.

संध्याकाळी इंग्रजी-मराठी शब्दकोशाच्या कार्यालयातून मोठ्या बाईंचा फोन. त्या हिच्या संपादक. तिथे सगळेच त्यांना मोठ्या बाई म्हणतात, हीसुद्धा म्हणायची. आधी माझी विचारपूस झाली. जेवता का, झोपता का. मग म्हणाल्या, "तिच्या टेबलावर 'पील'चा गठ्ठा असेल. एकेचाळीस कार्डं. वीस तारखेला आमचं 'पी' अक्षर छपाईला जातं. तेवढा आणून द्याल का? फक्त एक करा, गठ्ठ्यातली कार्डं हलवू नका. क्रम तिने लावून ठेवलाय. झालंय म्हणाली होती, नुसते आकडे टाकायचे राहिलेत."

मी बरं म्हटलं.

कार्डं मी सोळा जानेवारीलाच हलवली आहेत.

४ फेब्रुवारी, मंगळवार

कसं झालं ते लिहून ठेवतो.

सोळा तारखेला घरात माणसं होती. मेहुणी म्हणाली, "भाऊजी, ते टेबल तेवढं रिकामं करून द्या, कप ठेवायला जागा नाही." म्हणून टेबलापाशी गेलो. रबर लावलेला गठ्ठा होता. कार्डांच्या मधेमधे कॅलेंडरच्या पाठकोऱ्या कागदाच्या पट्ट्या होत्या. कोऱ्या. काही लिहिलेलं नव्हतं. मला वाटलं कचरा. टाकून दिल्या.

मग कार्डं उलटी करून पाहिली. प्रत्येकावर मागे तारीख होती आणि तारखा सगळ्या उलटसुलट. मार्चनंतर जानेवारी, मग मागच्या वर्षीचा सप्टेंबर. माणसं बाहेर बोलत होती. मी आत बसून सगळी कार्डं तारखेने लावली. बरं वाटलं होतं. त्या आठवड्यात तेवढ्याच कामाला हात नीट चालला.

आमच्याकडे तारखेशिवाय दुसरा क्रम नसतो. तिच्याकडे क्रम म्हणजेच काम. कुठला अर्थ आधी, कुठला मग, कुठे एक अर्थ संपून दुसरा सुरू होतो. ते त्या पट्ट्या सांगत होत्या.

दीड वर्षाचं काम, आणि मी ते अर्ध्या तासात आवरून ठेवलं.

५ फेब्रुवारी, बुधवार

मोठ्या बाईंना फोन करायचा होता. केला नाही.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

केला नाही.

८ फेब्रुवारी, शनिवार

सुट्टी. सगळी कार्डं जमिनीवर मांडली. ठरवलं, वीस तारखेच्या आत आपणच क्रम परत लावायचा. तिचा. म्हणजे कुणाला सांगायलाच नको.

त्यांच्या कामाची रीत मला थोडी माहीत आहे. वाक्य मनाने बनवायचं नाही. ते सापडायला हवं. कुणाच्या तोंडून ऐकलेलं, कुठे छापलेलं, बाटलीवर, पाटीवर, कुठेही. इंग्रजी वाक्य कार्डाच्या वरच्या भागात, मराठी खाली. आणि मराठी शब्दही दुसऱ्या कोशातून उचलायचा नाही, माणसाकडून घ्यायचा. मागच्या बाजूला दोन ओळी. इंग्रजी कुठे मिळालं, मराठी कुणी दिलं. मागची बाजू कोरी असेल तर कार्ड बाद. म्हणून हिच्या पर्समध्ये कायम कोरी कार्डं असायची. लग्नघरात, बँकेच्या रांगेत, कुठेही थांबून लिहायची. मी चार पावलं पुढे जाऊन उभा राहायचो.

एकेचाळीसपैकी चौदा कार्डांच्या मागे 'घ.' असं आहे. बराच वेळ कळेना. मग एक सापडलं. पुढे, भिंतीचा रंग निघतो आहे असं वाक्य. खाली मराठी: पोपडे निघणे. मागे: घ., न्हाणीघर, 'पोपडे निघालेत, मालकाला सांगावं लागेल.'

घ. म्हणजे घरचे. म्हणजे मी.

मला कधी सांगितलं नाही की लिहून घेते आहे. मी आपला बोलून जायचो. संत्र्यासाठी सोलणे, त्याला कोण वेगळं काय म्हणणार, पण तिथेही घ. बरणीवरचं लेबल पाण्यात भिजवून अलगद सोडवणे, घ. पावसात भिजलेला शर्ट अंगाला चिकटला होता, 'हा आता सोलूनच काढावा लागणार', घ., जिना. इंग्रजीत या सगळ्याला एकच शब्द चालतो. आपल्याकडे फळाला एक, भिंतीला एक, कातडीला एक. ही म्हणायची, त्यांचं एक कपाट आहे, आपले सात डबे आहेत, कुठलं कशात ते मला शोधायचंय.

एका कार्डावरचा इंग्रजी वाक्प्रचार शब्दशः असा: 'डोळे सोलून ठेवा.' त्याखाली मराठी: डोळ्यांत तेल घालून पाहणे. मागे: घ., 'डोळे सोलायचे? त्यापेक्षा तेल घाला की.' मी हे म्हटल्याचं आठवत नाही. पण मीच म्हटलं असणार.

संध्याकाळपर्यंत बावीस कार्डं कशीबशी लागली.

मग एक निघालं. तारखेच्या क्रमात ते सरळ समोर येतं, तिच्या क्रमात मधे कुठेतरी दडून राहिलं असतं. वाक्य: तळहाताची आणि तळपायाची कातडी निघू शकते. मराठी: सालपटं निघणे. मागे: १. छापील पत्रक, तिसरा मजला, ६ मे. २. घ., जेवताना, ९ मे.

तिसरा मजला म्हणजे आमच्याच हॉस्पिटलातला कॅन्सरचा विभाग. दुसरा कुठला तिसरा मजला तिला ठाऊक असण्याचं कारण नाही.

हे कार्ड बाजूला ठेवलं. आज एवढंच.

९ फेब्रुवारी, रविवार

मुलगी आली. पिशव्या भरून भाज्या, फळं. "बाबा, फ्रिजमध्ये नुसतं पाणी आणि लोणी? काय, माणूस राहतो का इथे?" जमिनीवरची कार्डं पाहून ओट्याकडे जाता जाता थांबली. आईचं अक्षर. खाली बसली. एकेक वाचून हसत होती. 'घ.' कोण ते तिला लगेच कळलं. "अहो घ., चहा टाकते, घेणार का?"

मग बाजूला ठेवलेलं ते एक कार्ड तिने उचललं. उलटलं.

"सहा मे?"

मी पिशवीतल्या भाज्या काढायला लागलो.

"हे पत्रक मला माहितीये. ते औषध सुरू करायच्या आधी देतात. आम्हाला दिलं ते ऑगस्टमध्ये. डॉक्टरांनी आम्हाला सांगितलं ते ऑगस्टमध्ये." मग जरा थांबून, "म्हणजे तिला मेमध्येच सांगितलं होतं. औषध सुरू करा म्हणून. आणि ही बाई काय करत होती? तिथे उभी राहून पत्रकातलं वाक्य उतरवून घेत होती!"

मी म्हटलं, चहा गार होतोय.

"तीन महिने, बाबा. डॉक्टर काय म्हणाले होते आठवतंय ना? थोडं आधी आला असता तर. हेच म्हणाले होते." कार्ड परत उलटून पाहिलं. "आणि तुम्हाला विचारलं होतं तिने. नऊ मे. काय विचारलं?"

"तळहाताची कातडी अशी आपोआप सुटायला लागली तर काय म्हणाल."

"मग तुम्ही?"

"मी शब्द सांगितला."

"कशासाठी विचारतेस, असं नाही विचारलंत?"

"ती रोजच विचारायची."

हे खरं आहे. ती रोजच विचारायची.

मुलगी रडली. मग म्हणाली, "तुमच्याच इमारतीत. तुम्ही तळमजल्यावर, ती तिसऱ्यावर. आणि तुम्हाला पत्ता नाही. बिचारे माझे बाबा." पाठीवर हात ठेवला. जाताना आईच्या टेबलाकडे पाहिलंही नाही. दारात म्हणाली, "शब्दकोशाचं 'पी' संपवायचं होतं तिला, म्हणून आपल्याला सांगितलं नाही. मला तिचं नाव काढायचं नाही आता."

चहा तिचाही तसाच राहिला.

११ फेब्रुवारी, मंगळवार

मुलीचा फोन नाही.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

कामावरून आल्यावर पुन्हा बसलो. चौतीस झाली. पण पक्कं काहीच नाही. काल जे बरोबर वाटलं ते आज चूक वाटतं. तिच्या चष्म्याचं घर सापडलं, कपड्यांच्या कपाटात. चष्मा आत नव्हता.

एका कार्डावर मोटारसायकलींची रांग आहे, एक गाडी रांगेतून फुटून डावीकडे जाते. यालाही तोच शब्द! हे सालीत बसतं की कशात? तिला विचारलं असतं तर पाऊण तास बोलली असती. मी हूं हूं म्हणत ऐकलं असतं आणि नंतर काही लक्षात राहिलं नसतं.

१५ फेब्रुवारी, शनिवार

गठ्ठा घेऊन कार्यालयात गेलो. वर जाताना जिन्यात दोनदा थांबलो.

मोठ्या बाई ठेंगण्या, खुर्चीत पाय जमिनीला पोचत नाहीत म्हणून खाली एक जाडजूड कोश ठेवलेला. मला वाटलं होतं उंच असतील. गठ्ठा पुढे ठेवला आणि उभ्याउभ्याच सांगून टाकलं. सोळा तारीख, पट्ट्या, सगळं. फोनवर बोललो तेव्हाही ठाऊक होतं, पण सांगितलं नाही, तेही.

त्या माझ्याकडे पाहत राहिल्या. "तारखेने?"

"हो."

"अहो, शब्द म्हणजे काय पेशंट आहेत?"

मग हसायलाच लागल्या. हसता हसता डोळे पुसले. मला कळेना हसताहेत की कसं. "बसा. असे उभे काय राहिलात शाळेतल्यासारखे. ती म्हणायचीच, आमच्या ह्यांना दोन तास मोकळं सोडलं तर ते देवालासुद्धा फाईल करतील."

मी बसलो.

म्हणाल्या, "तिचा क्रम मला माहीत नाही. पण तिची भांडणं माहीत आहेत. तेवढ्यावर होतं का बघू." मोठ्या टेबलावर कार्डं मांडली. "माणूस हाताने सोलतो ते आधी. आपोआप निघतं ते मग. यावर आम्ही दोन महिने भांडलो. मी म्हणत होते उलटं."

"मग कोण जिंकलं?"

"काहीच ठरलं नव्हतं. आता तीच जिंकली. मेलेल्या माणसाशी कोण वाद घालणार?"

अर्ध्या तासाने आम्ही अडलो. फळांपासून पुढे. तेव्हा मला एकदम आठवलं. ही ओट्यापाशी उभी राहून कार्डं मोठ्याने वाचायची, क्रमाने. मी बाहेर पेपर वाचत असायचो. लक्ष नसायचं. पण कानावर पडून पडून बसलं होतं. मी म्हटलं, "संत्रं, अंडं, बटाटा, झाडाची साल. मग लेबल, बँडेज, वॉलपेपर. मग ओला शर्ट."

मोठ्या बाईंनी पेन्सिल खाली ठेवली. "परत म्हणा."

परत म्हटलं. आणखी आलं. भिंत, होडीचा रंग, उन्हाने भाजलेली पाठ. मोटारसायकल अगदी शेवटी, डोळ्यांतल्या तेलाच्या आधी. डोळे मिटून म्हणत होतो तेव्हाच येत होतं, उघडले की थांबायचं.

"तुम्ही ऐकत होतात तर," त्या म्हणाल्या. "तिला वाटायचं नाही ऐकत."

चाळीस लागली. राहिलं ते सहा मेचं. मी खिशात ठेवलं होतं, दाखवलं नव्हतं. त्यांनी मोजली, "चाळीसच आहेत," म्हणाल्या. मी म्हटलं, एक घरी राहिलं असेल, आणतो.

एवढं सगळं खरं सांगून झाल्यावर पुन्हा हे!

१६ फेब्रुवारी, रविवार

मुलीला मीच फोन केला. कार्ड कार्यालयाला द्यायचं आहे म्हटलं.

"ते देऊ नका बाबा. फाडून टाका. नाहीतर मला द्या, मी फाडते."

"तिने शोधलेलं आहे."

"तिने शोधलेलं! तिने आपल्यापासून लपवलेलं आहे ते." मग आवाज खाली आणून, "तुम्हाला राग कसा येत नाही तिचा? मला सांगा ना. मला एकटीलाच येतोय आणि मला ते फार जड होतंय. मेलेल्या आईवर रागावायचं म्हणजे... तुम्ही तरी थोडं रागवा."

मी म्हटलं, जेवलीस का?

ती म्हणाली, "तुम्ही दोघं अगदी सारखे आहात," आणि ठेवला.

१७ फेब्रुवारी, सोमवार

कामावर गेलो, आलो. सारखे नाही.

१९ फेब्रुवारी, बुधवार

अर्धी रजा घेऊन कार्ड दिलं. मोठ्या बाईंनी पुढची बाजू वाचली, मग मागची. तारखेवर त्यांचं बोट थांबलं. त्यांनाही ऑगस्टमध्येच कळलं होतं, दिसत होतं.

"मेमध्ये ती रोज येत होती इथे," म्हणाल्या. "तिसऱ्या आठवड्यात माझ्याशी या शब्दावरून कचाकचा भांडली. मी म्हटलं, एवढं काय त्यात, पुढच्या वर्षी बघू. तर म्हणाली, पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी. मला वाटलं, तिरसटपणा."

मी विचारलं, हे छापणार का.

"वाक्य छापणार. चांगलं आहे, साधं आहे. कुठे मिळालं ते छापत नाही आपण. ते इथे खणात राहतं." मग माझ्याकडे पेन्सिल दिली. "आकडे तुम्ही टाका. तुमचा आकडा स्वच्छ आहे."

एक ते एकेचाळीस टाकले. ते कार्ड भिंतीनंतर आणि पाठीनंतर आलं, सत्ताविसावं. आपोआप निघतं त्या भागात. सत्तावीस लिहिताना हात थांबला नाही. थांबेल असं वाटलं होतं.

निघताना त्या म्हणाल्या, "बरं झालं त्या दिवशी येऊन सांगितलंत. मी काय खाणार होते का तुम्हाला? इतके दिवस ओझं घेऊन फिरलात."

रस्ताभर तेच वाक्य.

२० फेब्रुवारी, गुरुवार

'पी' छपाईला गेलं. मोठ्या बाईंचा फोन आला होता. तिच्या क्रमाने गेलं.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

मुलीचा निरोप, धाकट्या नातीचा वाढदिवस रविवारी आहे, या. आईचा फोटो टेबलावर ठेवणार नाहीये, आधीच सांगते, म्हणून लिहिलं आहे.

दोनदा वाचलं. तिची आई आणि ती, एक दिवस बोलल्याशिवाय राहायच्या नाहीत.

२३ फेब्रुवारी, रविवार

तिची फाईल ७ मेला माझ्या टेबलावर आली होती. रजिस्टरमध्ये नाव मीच लिहिलं. वय, पत्ता, मजला. आत काय आहे ते वाचलं. फाईलमध्ये वाचलेलं बाहेर बोलायचं नाही, हा आमच्या खोलीतला पहिला नियम. एकतीस वर्षं पाळला, तो घरीही पाळला. ती सांगेल तेव्हा ऐकायचं असं ठरवलं. ९ तारखेला जेवताना तिने विचारलं तेव्हा मला माहीत होतं. ती माझ्याकडे बघत होती. मी शब्द सांगितला आणि पाणी मागितलं. ती ऑगस्टपर्यंत थांबली. मीही थांबलो.

सकाळी मुलीला फोन करून एवढंच सांगितलं. आईवर रागावू नकोस म्हटलं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आज येऊ नका," आणि ठेवला.

एक कप, एक ताटली, एक पातेलं होतं. घासलं. पालथं घातलं.